फरशीवरची थाप

गणेशचे हात माझ्या गळ्याभोवती आवळले होते आणि मी फरशीवर थापा मारत होतो.

आम्ही विद्यार्थी स्वतःच नाटक रचतोय. दुखलं की थाप मारायची, समोरच्यानं सोडायचं, हा तालमीचा नियम. परवा ती थाप आवडली म्हणून आम्ही प्रसंगातच घेतली: बाप गळा दाबतो, पोरगा थापा मारतो.

त्यामुळं काल मी खरंच गुदमरलो, तरी कुणीच उठलं नाही.

"लई भारी करतंय बेणं!" मागून कुणीतरी म्हणालं.

मी गणेशच्या मनगटाला कडकडून चावलो. रक्त आलं, तेव्हा त्यानं सोडलं.

"सांगायचं ना राव!" तो रडत ओरडला.

नाटकवाल्यांनो, तुमच्याकडं थांबायची खूण काय?

आज सकाळी गणेश म्हणाला, "बाप तू कर." मी त्याचा गळा धरला. त्यानं थाप मारायच्या आधीच माझे हात सुटले.