सहावा हात

कॉलेजच्या ग्रंथालयात बाइंडरबाई सव्वीस वर्षं पुस्तकांची सुटलेली पानं शिवत होत्या. बोटांची कातडी इतकी निबर झालेली की सुई टोचली तरी कळायचं नाही. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी त्यांना नियामक मंडळावर निवडून दिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मंडळात बसतेस म्हणे! तोंड उघडतेस, की नुसती खुर्ची झाडून येतेस?"

खोटं कशाला बोला, दोन वर्षं बाई गप्पच होत्या. मोठी माणसं बोलायची, ठराव व्हायचे, बाई सही करायच्या. तो कागद कुणाच्या तरी दिवसांवर जाऊन बसतो, हे त्यांना कळायचं. पण कळणं आणि बोलणं यांच्यामध्ये एक लांबलचक टेबल होतं.

त्या दिवशी विषय वाचनकक्षाचा होता. तो बंद करून तिथं मंडळाचं सभागृह करायचं. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी अभ्यास करणाऱ्या मुलांना बसायला तेवढी एकच जागा होती.

ग्रंथालयाच्या शिपायानं बाईंना जिन्यातच गाठलं. "पाचच जण आलेत. सहा लागतात. पोट दुखतंय म्हणा नि घरी जा. सभाच होणार नाही. साप मरेल, काठीही मोडणार नाही."

"आणि पुढच्या महिन्यात काय, डोकं दुखवू? मला दुखण्यांसाठी निवडून दिलंय का, भाऊ?"

बाई आत जाऊन बसल्या. सभा कायदेशीर झाली. आता ठराव झालाच, तर तो त्यांच्या हजेरीमुळे होणार होता. खुर्ची एकाएकी जड वाटू लागली.

अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, हयात पूल बांधण्यात गेलेली. "विषय चौथा. सर्वानुमते मंजूर?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"विरोध नोंदवायचा?"

"तो नंतर. आधी सांगा, संध्याकाळी सहानंतर त्या खोलीत कोण गेलंय?"

"अहो, अहवाल आहे ना," चष्मेवाले सभासद म्हणाले. "रोज सरासरी बारा मुलं."

"डोकी दुपारी तीनला मोजलीत, साहेब. तेव्हा ही मुलं कामावर असतात."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सव्वासहा. "चला, खाली जाऊ."

खोली गच्च भरलेली. खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा मुलं. कारखान्याचा बिल्ला गळ्यात तसाच असलेली एक मुलगी नुकतीच खुर्चीवरून उठली होती. अध्यक्षांनी त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आजोबा, नंबर लावा," ती म्हणाली. "दाराशी वही आहे."

चष्मेवाले काही बोलणार, तोच अध्यक्षांनी त्यांना थांबवलं. ते वहीपाशी गेले. चौदावा नंबर. वरची तेरा नावं त्यांनी एकेक करून वाचली. मग अगदी हळू म्हणाले, "सहा जण आहोत. सभा चालूच आहे. बाई, ठराव मांडा."

"वाचनकक्ष आहे तिथंच राहावा," बाई कुजबुजल्या. "आणि वीस खुर्च्या वाढवाव्यात."

"अनुमोदन," चष्मेवाले भिंतीकडे बघत पुटपुटले.

एकेक करत पाच हात वर गेले. मुलगी वैतागली. "शंका असतील तर बाहेर विचारा हो, इथं लोक वाचतायत."

बाईंनी सहावा हात वर केला, आणि तो खाली घ्यायची त्यांना मुळीच घाई नव्हती.