कपाट उघडले की उघडेच होते?

छापखान्यात तीस वर्षे मुद्रिते तपासल्यामुळे त्यांच्या डोळ्यांना अशी खोड लागली होती की, कोणताही कागद हाती आला तरी आधी चूक दिसे आणि मजकूर मागाहून. गल्लीत त्यांना तोंडावर ‘काका’ आणि माघारी ‘शुद्धिपत्र’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते. ज्याने जिन्यातल्या भिंतीवर ते नाव खरडले होते त्याने ‘द्धि’ दीर्घ काढला होता, एवढाच त्यांचा आक्षेप होता.

शेजारच्या खोलीत मोबाइल दुरुस्त करणारा एक अविवाहित तरुण राहत असे. भिंत सामाईक, विटेची, पातळ. पलीकडून दिवसभर नाना तऱ्हेच्या घंट्या वाजत. पण खरा छळ होता तो त्याच्या लोखंडी कपाटाचा. त्याचे दार उघडताना अशी करकर होई की शुद्धिपत्रांच्या दाढा शिवशिवत. नऊ महिने त्यांनी एका वहीत त्या आवाजाची तारीखवार, वेळेनिशी नोंद ठेवली आणि तिच्या आधारे पोलीस ठाण्यात पाच अर्ज दिले. पाचांची पोच मिळाली. उत्तर एकाचेही नाही. पुढे ठाण्याने ‘नागरिक आणि पोलीस सहकार्य’ या विषयावर सभा घेतली, तेव्हा त्यांनी भर सभेत उठून विचारले होते, “सहकार्य हा शब्द समासाच्या कोणत्या बाजूने चालतो, हे कोणी सांगेल काय?”

म्हणून त्या सकाळी अर्धी दाढी झालेली असताना दारात शिपाई उभा राहिला, तेव्हा त्यांना प्रथम वाटले, सहावा अर्ज न देताच उत्तर आले.

“काका, शेजारी झडती आहे. पंच म्हणून चला. नागरिकांना कोणी विचारत नाही म्हणत होतात ना? घ्या, विचारलं.”

टॉवेलने फेस पुसत ते शेजारी गेले. खोलीत फौजदारबाई हातातला झडतीचा हुकूम वाचून दाखवत होत्या. भिंतीशी मोबाइलवाला अनवाणी उभा होता. दुसरा पंच म्हणून खालच्या इस्त्रीवाल्याला आणले होते. कपाटातून हिरव्या बंदांची एक पिशवी निघाली आणि पिशवीतून नऊ मोबाइल. चोरीचे, असा संशय.

“चार दुरुस्तीला आलेत,” मोबाइलवाला म्हणाला. “पाच कुणाचे, मला माहीत नाही. मी आज कपाटाला हातसुद्धा लावला नाही.”

“मग काय, मोबाइल स्वतःच्या पायांनी चढले?” शिपाई म्हणाला.

बाईंनी पंचनामा वाचला. पंच हजर झाल्याची वेळ ७.४० होती. पुढचे वाक्य असे होते : ‘७.४५ वाजता पंचांसमक्ष लोखंडी कपाट उघडले असता त्यात पिशवी मिळून आली.’

शुद्धिपत्रांचे पेन तिथेच थबकले.

“‘उघडले’ कोणी? वाक्याला कर्ता नाही.”

“काका,” इस्त्रीवाला कळवळून म्हणाला, “कर्ता मागाहून शोधा हो, तिकडे माझी इस्त्री तापलीय!”

परंतु प्रश्न व्याकरणाचा राहिला नव्हता. आपण आत आलो तेव्हा कपाट बंद होते काय? त्यांनी डोळे मिटले. पिशवीचे बंद दिसले, त्या पोराचे अनवाणी पाय दिसले. कपाटाची दारे मात्र मिटलेली आठवावीत तर मिटत आणि उघडी आठवावीत तर उघडत. करकर कानात होती खरी, पण ती इथे ऐकलेली की घरी भिंतीपलीकडून, ते ठरेना. शिवाय मनात दुसरेच काही खुपत होते. नऊ महिने हा मनुष्य इथून जावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलो. आता ‘उघडले’ हेच आठवावेसे वाटते, ते खरे म्हणून की सोयीचे म्हणून?

“दोन मिनिटं द्या,” म्हणून ते घरी गेले आणि वही उघडली. आजचीच नोंद होती : ‘७.४५. कपाट. करकर, लांबलचक.’

“जुळलं!” ते पत्नीला म्हणाले. “पंचनाम्यातही पावणेआठच आहे.”

“जुळायला काय झालं? पण अहो, आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं ना? तुम्हीच करून ठेवलंय, छापखान्याला उशीर नको म्हणून.”

त्यांनी वही पुन्हा डोळ्यांशी नेली. नोंदीशेजारी साबणाच्या फेसाचा डाग होता. म्हणजे करकर ऐकली तेव्हा आपण आरशापुढे होतो, पंच नव्हतो. खरी वेळ सात पस्तीस. आणि म्हणजे नऊ महिन्यांची प्रत्येक वेळ चुकीची. पाचही अर्जांखाली तर स्वतःच्या अक्षरात लिहिलेले : ‘वरील नोंदी अचूक आहेत.’

“हे सांगितलं तर त्या अर्जांची रद्दी होईल,” ते पुटपुटले.

“आत्ता काय आहे त्यांचं?” पत्नी म्हणाली.

वही घेऊन ते परतले आणि घड्याळासकट सारे सांगून टाकले. बाईंनी मान वर केली.

“मी येण्याआधी, सात पस्तीसला आत कोण होतं?”

“हाच, मॅडम. सदरा घ्यायला कपाटापाशी गेला. मी दारात होतो,” शिपाई म्हणाला.

“खोटं! यांनी मला जिन्यात उभं केलं होतं!”

शुद्धिपत्रांनी एकाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. दोघेही खरे बोलणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

“दोघांचं म्हणणं मी वेगळं लिहून घेते,” बाई म्हणाल्या. “काका, तुम्ही जे पाहिलंत, ऐकलंत, तेवढंच सांगा. अंदाज नको.”

शेवटी वाक्य असे झाले : ‘पंच आले तेव्हा कपाट उघडे होते की बंद, हे पंच क्रमांक एक यांस निश्चित सांगता येत नाही, तथापि पंच येण्यापूर्वी ते एकदा उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला आहे.’ ‘निश्चित सांगता येत नाही’ या शब्दांखाली त्यांनी जन्मात प्रथमच सही केली. वही पुरावा म्हणून जमा झाली, रीतसर पावतीनिशी. पाच अर्जांना जो मान मिळाला नाही, तो तिला पाच मिनिटांत मिळाला.

मोबाइलवाल्याला अटकेचे कारण सांगितले, त्याच्या बहिणीला फोनवर कळवले आणि त्याला खाली नेले. जाता जाता तो म्हणाला, “काका, एवढं कान देऊन माझं कोणीच कधी ऐकलं नव्हतं.” हा टोमणा की आभार, ते शुद्धिपत्रांना उमगले नाही.

चौथ्या दिवशी तो जामिनावर सुटून आला; त्या एका वाक्यावर वकिलाने सारा भर दिला, असे इस्त्रीवाल्याने सांगितले. येताच त्याने काकांचे दार ठोठावले. हातात तेलाची बुधली होती.

“या, बघा.”

त्याने कपाट उघडले, मिटले, पुन्हा उघडले. हूं की चूं नाही.

“आता त्रास नाही तुम्हाला. तुमचे उपकार झाले, काका.”

“छान,” ते म्हणाले आणि घरी आले. बऱ्याच वेळाने त्यांनी पत्नीला विचारले, “ते तेल त्याने माझ्यासाठी घातलं, की माझ्यामुळे?”

“तेल ते तेल. बसा आता स्वस्थ.”

ते बसले नाहीत. स्टुलावर चढून घड्याळ दहा मिनिटे मागे केले, नवी वही काढून तारीख घातली आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. पलीकडे कपाट उघडत होते की नव्हते, काही कळायला मार्ग नव्हता.