मोटारीची चौपदरी वेणी

शकुनचा जीव मोटारीत नव्हता, मोटारीच्या पुढच्या बाकात होता.

केशवराव माळ्यांचा मळा तेल्हाऱ्याच्या वेशीबाहेर होता. झेंडू, शेवंती, वांगी, मिरच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, सगळा माल अकोल्याच्या बाजारात जायचा. बंडीनं न्यावा तर फुलं वाटेतच माना टाकत. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. गोरे अंमलदार नागपूरहून येत आणि नोकरी संपली की विलायतेला निघून जात. असाच एक इंजिनिअर अमरावतीच्या कॅम्पातून निघाला नि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. केशवराव तिथं संत्री विकायला गेले होते. लिलावात पाण्याचा हौद बघायला म्हणून शिरले आणि कापडी टपाची म्हातारी मोटार घेऊन बाहेर पडले. मागचं बाक काढून त्यांनी टोपल्यांना जागा केली. पुढे दोघांपुरती जागा उरली. एक हाकणाऱ्याची, एक शकुनची.

फुलं विकायला बाईमाणूसच लागतं, हे शकुननं नवऱ्याच्या गळी उतरवलं होतं. तेल्हाऱ्यात ती पार्बताबाईंची सून होती: डोक्यावर पदर, खाली मान, चूल आणि सासूची हाक. अकोल्यात ती शकुनबाई होती. तिथं ती गिऱ्हाइकांशी भांडायची, कासारणीशी गप्पा ठोकायची आणि हसताना तोंडावर हात ठेवायची नाही. पार्बताबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. पण बाजाराहून आलेल्या सुनेच्या तोंडावरचा तजेला त्यांना दिसत होता, नि तो त्यांच्या डोळ्यांत खुपत होता.

पुढे मोटार खोकू लागली. चढ आला की थांबे, हवा दमट असली की सुरूच होत नसे. प्लगच्या वायरींचं रबर जागोजागी तडकलं होतं आणि करंट प्लगपर्यंत पोचण्याआधीच बाहेर उडी मारत होता. एकदा केशवराव चालू इंजिनात डोकावले, तर त्यानं कोपराला असा झटका दिला की त्यांची टोपी उडून मिरच्यांच्या वाफ्यात पडली.

पार्बताबाईंना हेच हवं होतं. "हिवरखेडचा पंजाबराव इचारून राहिला," त्या म्हणाल्या. "त्याले हिरीचं पानी काढाले इंजिन पाह्यजे. मोटार घेतो अन् बैलजोडी देतो म्हने. बैल खोकत नाई."

"माय, आधी वायरी बदलून पाह्यतो न," केशवराव म्हणाले. "नाई सुधरली तं देऊन टाक मंग."

शकुननं मनात हिशेब मांडला. बैलजोडी आली की बंडी आली, बंडी आली की फुलं गेली, आणि वांगी-मिरच्या विकायला केशवराव एकटे पुरे होते.

मोटार खोकत खोकत अकोल्याला सूर्यभानच्या दुकानी गेली. सूर्यभान मोटारींचं सामान विकायचा. त्यानं दोन तऱ्हेच्या वायरी पुढे टाकल्या. एक काळी, जाड रबराची. दुसरी बारीक, वरून पिवळ्या सुताचं विणकाम, मधे मधे लाल ठिपका आणि रोगणाची चकाकी.

केशवरावांनी काळी उचलली. "हे घेऊ. कासऱ्यावानी मजबूत हाये."

"आवं, हे पिवळी पाहा न! झेंडूवानी दिसते."

"शकुन, वायर हाये ते, लुगडं नाई. झाकनाखाली कोन पाह्यते तिले?"

"मी पाह्यतो न. तिच्याच भरवशावर बसतो मी पुढे."

सूर्यभान हसला. "घ्या भाऊ वहिनीच्या पसंतीची. दोन्हीतून सारखाच करंट धावते."

"अन् नाई धावला तं?"

"तं वहिनीले जुंपा."

पिवळी ठरली. म्हणजे बरंवाईट झालं तर बोल कोणाला लागणार, तेही ठरलं.

घरी येऊन केशवरावांनी चार प्लगांना चार वायरी जोडल्या. त्या इंजिनावर कशाही लोंबत राहिल्या. जन्मभर गजरे नि वेण्या गुंफलेल्या बाईला सुटे पदर बघवत नाहीत. शकुननं चारी वायरी हातात घेऊन त्यांची घट्ट चौपदरी वेणी घातली, शेवटी सुताची गाठ मारली आणि मागे सरून कौतुकानं पाहिलं.

केशवरावांनी हँडल फिरवलं. मोटारीनं एक शिंक दिली, मग असा बार काढला की आंब्यावरचे पोपट एकदम उठले. मग दुसरा बार. मग तिसरा.

"वा वो शकुन!" ओसरीवरून पार्बताबाई म्हणाल्या. "वायरी आनल्या का लग्नातल्या फटाक्याची लड?"

त्याच दुपारी त्यांनी गड्याच्या हाती हिवरखेडला निरोप धाडला, बैल घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुननं मनाशी ठरवलं, पिवळ्या परत करायच्या आणि मुकाट काळ्या आणायच्या. सूर्यभाननं नाही म्हणू नये म्हणून तिनं वेणी सोडली, एकेक वायर पदरानं पुसली, सरळ केली. आता प्लगवरून काढणार, तोच केशवराव आले. मोटार उन्हातून सावलीत घ्यावी म्हणून त्यांनी हँडल मारलं, आणि मोटार दुभत्या म्हशीसारखी रवंथ करू लागली. ना बार, ना खोकला.

"पाह्यलं?" केशवराव फुशारले. "रातच्याला पेच आवळला होता मी एक."

शकुननं सुट्या वायरींकडे पाहिलं. तिला उमजलं होतं. चौघी बाया खेटून बसल्या की एकीच्या कानातलं दुसरीच्या कानात जातंच. वायरींचंही तेच झालं होतं. एकीचा करंट दुसरीत शिरत होता, नि भलताच प्लग भलत्या वेळी पेटत होता.

तेवढ्यात वेशीकडून घुंगरं वाजली. पंजाबराव बैलजोडी घेऊन हजर.

"माय, सुधरली वो मोटार!" केशवराव आईकडे धावले.

"बरं झालं. पंजाबरावाले चांगली वस्तू भेटन. तो माह्या जबानीवर बैल घेऊन आला. आता मी जबान फिरवू काय?"

आईपुढे केशवरावांचं इंजिन नेहमीच बंद पडे. 

"भाऊ, उन्हातून आले तुमी," शकुन गोड आवाजात पंजाबरावांना म्हणाली. "आधी ओसरीवर च्या घ्या." मग सासूकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्याच हातचा पाजा न भाऊले. तवर मी मोटार पुसून देतो, धूळ लय बसली."

चहा उकळायला वेळ लागतो. शकुनच्या बोटांना लागत नाही.

पंजाबराव फेटा सारखा करत मोटारीजवळ आले. केशवरावांनी ऐटीत हँडल मारलं. बार उडाला. बैलांनी कान टवकारले. दुसरा उडाला तशी जोडी मिरच्यांच्या वाफ्यातून वेशीकडे सुटली, आणि कासरे धरलेले पंजाबराव तिच्यामागे.

"आता तं बरी होती वो भाऊ!" केशवराव रडकुंडीला आले.

"ठेवा बाप्पा तुमच्यापाशीच!" पंजाबराव लांबून ओरडले. "माह्या हिरीतलं पानी पळून जाईन!"

बैल दिसेनासे झाल्यावर पार्बताबाई सावकाश मोटारीजवळ गेल्या. झाकण उचलून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

"चौपदरी येनी," त्या म्हणाल्या. "अन् गाठ डाव्या अंगानं. मीच शिकोली होती तुले, लग्नाच्या साली."

शकुननं मान खाली घातली. हसू दाबायला तिला दुसरी जागा नव्हती.

"सोड ते."

शकुननं वेणी सोडली. "मार रे हँडल," पार्बताबाईंनी मुलाला सांगितलं. मोटार शांतपणे रवंथ करू लागली.

"यंत्रालेबी मानूस कळते, माय," केशवराव थक्क होऊन म्हणाले. "पंजाबराव पसंत नसन तिले."

पार्बताबाईंनी मुलाकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि सुनेकडे वळल्या. "बैल गेले तुह्यापायी. मोटार राहू दे. पन आता बाजाराले मी येतो. पुढे मी बसन."

"अन् मी?"

"मागे. वांग्यात."

बाजाराच्या दिवशी पार्बताबाई नवं लुगडं नेसून पुढे बसल्या. शकुन मागे, वांग्यांच्या दोन टोपल्यांत अंग चोरून. गाव मागे पडलं तशी पुढून हाक आली, "केशव, जोरात घे न रे! बंडी हाकून राहिला काय?"

"आत्याबाई," शकुन मागून म्हणाली, "येताना मी पुढे बसन."

"येताना पाहू."

"पाहा. मोटार बाजारात दिवसभर उभी राहीन. माह्ये हात तं मोकळेच हायेत."

पार्बताबाईंनी वाऱ्यानं उडणारा पदर डोक्यावर घट्ट धरला. बरंच अंतर गेल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "येताना मी मागे बसतो रे केशव. पुढे वारा लय लागते."