नारायणरावांची गोळी

धाडच्या आठवडी बाजारात अर्जुनरावांचं पालेभाजीचं दुकान वर्षानुवर्षं एकाच जागी लागायचं. कोणाच्या घरी मेथी कोवळी लागते, कोणाच्या सासूला आंबट चुका चालत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. आज ते स्वतःच्या बायकोला विचारतात, "बाई, तुमचं गाव कोणतं?" आणि रुख्मिणीकाकू माझ्याकडे बघून म्हणतात, "हे नारायणरावानं केलं." शेजारीण म्हणून मी हे हजारदा ऐकलंय, आणि मला ते खोटं वाटत नाही.

अर्जुनरावांच्या हृदयाचे ठोके कधी धावायचे, कधी अडखळायचे. रक्तात गाठी होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. ती बुलढाण्याहून आणायचं काम चुलतभाऊ नारायणरावांचं, कारण जीप त्यांची. एकदा पालक कापताना अर्जुनरावांना विळा लागला आणि रक्त लवकर थांबेना. "रक्त पार पाणी झालं बे तुहं," म्हणत नारायणरावांनी अक्कल पाजळली. पुढच्या फेरीला गोळ्यांऐवजी बीट आणले आणि बिनदिक्कत सांगितलं, "डॉक्टरनंच बंद केली." हा शहाणा डॉक्टरांना भेटलाही नव्हता!

दीड वर्षात अर्जुनराव आधी बाजाराची वाट विसरले, मग माणसं. मेंदूचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, बारीक गाठी अडकून गेल्यात; गोळी चालू असती तर सगळं टळलंच असतं असं नाही, पण बंद करायला नको होती. त्या दिवसापासून काकूंनी नारायणरावांच्या घरचं पाणी सोडलं. त्यांचं वाटोळं होवो, असं त्या उघड म्हणायच्या. मीही मान डोलवायचे.

परवा मी काकूंकडे बसले होते, तेव्हा नारायणरावांची सून समता दारात आली. "मामाजीचे ठोकेही तसेच चुकून राह्यले. डॉक्टरनं तीच गोळी देली, पण रक्त पाणी होईन म्हणून घेतच नाहीत. काकू, काय करू?"

मला वाटलं, काकू आता म्हणणार, नको देऊ. खरं सांगते, मी तेच म्हटलं असतं.

काकूंनी तिने आणलेली गोळ्यांची पट्टी हातात घेऊन नीट पाहिली. "रोज दे. एक दिवस चुकवू नको. काही लागलं तर फडक्यानं दाबून धर, दवाखान्यात ने, पण डॉक्टरले इचारल्याबिगर बंद करू नको."

समताचे डोळे भरून आले. "काकू, तुमचं मन लय मोठं."

"मन-बिन काही नाही, माय," काकूंनी पट्टी तिच्या हातावर ठेवली. "ह्यायले आता काहीच आठवत नाही. त्यानं काय केलं, ते त्याले तरी मरेपर्यंत आठवलं पाहिजे."