लिंबू पिळलेला डोंगर

माझ्या नाती म्हणतात, आजीला निळ्या रंगाचा राग आहे. राग नाही गं बायांनो, हेवा आहे. आणि तोही रंगाचा नाही. ज्या मुलीच्या पेटीत तो रंग होता, तिचा. ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, दात गेले, पण हेव्याला अजून सुरकुती पडलेली नाही.

पन्नासच्या दशकातलं मुलुंड म्हणजे कौलारू घरं, अधेमधे एखादी दुमजली इमारत, आणि पश्चिमेला डोंगर. आम्ही अशाच एका इमारतीत तळमजल्यावर राहायचो. वरच्या खोल्या बरेच दिवस रिकाम्या होत्या, आणि त्या रिकाम्या होत्या तोवर मी शाळेतली चित्रकार होते. आमच्या चित्रकलेच्या वर्गात फळ्याच्या वर एकच चित्र टांगलेलं असायचं. मास्तर दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी ते निवडायचे आणि मग ते वर्षभर तिथे राहायचं. त्या जागेवर माझा पोपट होता, पेरू खाणारा. येता-जाता मी त्याच्याकडे अशी बघायचे, जशी घरमालकीण आपल्या नव्या गच्चीकडे बघते. पोपटाची मान जरा मोडल्यासारखी होती, पण हे मला आत्ता आठवतंय, तेव्हा दिसत नव्हतं.

मग वरच्या खोल्यांत मालवणकडचं एक कुटुंब राहायला आलं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आली आणि माझ्याच बाकावर बसली. तिचा काका फोर्टात कुठल्याशा कचेरीत होता. त्याने तिला रंगांच्या नळ्या आणून दिल्या होत्या. आमच्याकडे रंगाच्या वड्या असायच्या, भावंडांत वाटून घेतलेल्या, आणि त्यातली निळी सगळ्यांत आधी झिजायची, कारण प्रत्येकाच्या चित्राला आभाळ लागायचं. माझ्या निळ्या वडीच्या जागी पत्र्याचा तळ दिसत होता. हिने नळी दाबली आणि बशीत निळ्या रंगाचा गोळा पडला. पाणी लावायच्या आधीच तो ओला, जाड, चकचकीत. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं. श्रीखंड बघितल्यासारखं.

त्या गोळ्यातून तिने डोंगर काढले. निळे.

"डोंगर निळा कुठे असतो?" मी विचारलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

"मला दिसतो."

"डोंगरावर झाडं असतात. झाडं हिरवी. म्हणजे डोंगर हिरवा."

"जवळ गेलीस की हिरवा. इथून निळा."

"डोळे तपासून घे."

मास्तर मागे उभे होते हे मला कसं कळणार? ते म्हणाले, "संध्याकाळी गच्चीवर जा आणि स्वतः बघ. मग कुणाचे डोळे तपासायचे ते ठरवू."

मी गेले. तिला खोटं पाडायला गेले, हे सांगायला नकोच. सूर्य खाली उतरत होता आणि समोर डोंगर उभे होते. निळे. मागचा फिका निळा, पुढचा गडद, आणि दोघांच्या मधे धुरासारखं काहीतरी, त्याला नाव नव्हतं. जन्मापासून बघत आले होते मी ते डोंगर, आणि नेमके त्या संध्याकाळी ते तिच्या बाजूने झाले. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. डोंगराशी अबोला धरणारी मुलुंडमधली मी पहिलीच असेन.

पुढे तर कहरच झाला. ती गाईच्या पोटाखालची सावली निळी करायची, बाईच्या केसांत निळा भरायची, पांढऱ्या धोतराच्या चुण्यांतही तोच. एरवी ती बुजरी, उत्तर येत असूनही हात वर न करणारी. पण कुंचल्याला निळा लागला की कुणाला विचारायची नाही, कुणाकडे बघायची नाही. मला त्या नळीपेक्षा जास्त जळवायचं ते हेच. मी विचार करायचे, बाकीचे रंग आपल्या स्वयंपाकघरात असतात: हळद, तिखट, कोथिंबीर, चहा. ते कसे वापरायचे हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. निळा तिथे नाहीच. निळ्याचं काही शिजत नाही. म्हणून तो हातात आला की माणसाला स्वतःच्या मनाने वागावं लागतं, आणि मनाने वागायची तर मला सवय नव्हती. अर्थात हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की स्नेहसंमेलन जवळ आलंय, मास्तर तिच्या चित्रांपाशी जास्त वेळ थांबतायत, आणि माझ्या पोपटाचे दिवस भरलेत.

मला निळा हवा होता. घरात निळा एकाच ठिकाणी होता: मोरीतल्या फळीवर, धुण्याच्या निळीच्या पुडीत. वडिलांची धोतरं आई त्यातून काढायची. मी करवंटीत ती पुडी रिकामी केली, डिंकाचं पाणी घातलं आणि ढवळलं. रंग आला, पण मला तो मोरीतलाच दिसायला लागला. तिच्या नळीतली ती श्रीमंती त्यात नव्हती. (पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, दोन्हींत मूळ भुकटी एकच असायची. म्हणजे ज्याच्यासाठी मी झुरत होते, त्यात वडिलांचं धोतर दर रविवारी बुडत होतं.)

आमच्याकडे आत्या असायची. ती घरी कुंकू करायची. हळकुंडांवर टाकणखार आणि लिंबाचा रस पडला की पिवळ्याचं बघता बघता लाल व्हायचं. लिंबाने रंग खुलतो, हे आत्याचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. मग काय, फडताळातली सगळी लिंबं आणली आणि करवंटीत पिळली. रंग जरा फसफसला. मी म्हटलं, खुलतोय.

त्या दुपारी मी डोंगर रंगवले. ओले होते तोवर असे झकास दिसत होते की मी मनातल्या मनात माझा पोपट उतरवून तिथे माझेच डोंगर टांगले. चित्र आणि करवंटी खाटेखाली सरकवून मी खेळायला गेले.

सकाळी आईच्या आवाजाने जाग आली. घरात कुजक्या अंड्यांचा वास सुटला होता. आमच्या घरात, जिथे कांद्यालासुद्धा चातुर्मासात बाहेर काढायचे.

"वरच्यांचं असणार," आत्या नाकाला पदर लावून म्हणाली. "त्यांच्याकडे काय काय चालतं."

मी अंथरुणात गप्प पडून ते ऐकत होते, आणि सांगते, फार बरं वाटत होतं. बिऱ्हाड बदलतील, शाळा बदलेल, फळ्यावरची जागा आपली, इथपर्यंत मी पोचले होते. तेवढ्यात आई जिन्यापाशी गेली आणि वरच्या बाईंना विचारून मोकळी झाली.

त्या खाली आल्या, मुलगी मागोमाग. "आमच्याकडे मासे असतत, वहिनी. पण कुसलेली अंडी कित्याक सांभाळू?" असं म्हणत त्या वासाच्या मागे मागे चालत आमच्या खाटेपाशी पोचल्या, वाकल्या, आणि करवंटी बाहेर ओढली.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"रंग."

"रंगाला असला वास?"

"खुलतोय."

आई करवंटी घेऊन परसात गेली आणि माझ्या वतीने आत्याने कपाळाला हात लावला. मी चित्र बाहेर काढलं. निळा गेला होता. सगळा डोंगर राखेसारखा झालेला, कुठे पांढुरका, कुठे मेलेल्या कोळशासारखा, आणि शिखराच्या एका कडेला, जिथल्या रंगात लिंबू नीट मिसळलं नसावं, तिथे निळ्याची एक रेघ राहिली होती. मला रडू आलं. मी कागद फाडायला हातात धरला.

"थांब," ती मुलगी म्हणाली. "हा कसा केलास?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती चित्राकडे बघत होती, आणि ते डोळे मी ओळखले. गेले कित्येक दिवस वेणी घालताना आरशात मी तेच बघत होते.

"पहाटेचा डोंगर आहे," मी म्हणाले. तोंडाला येईल ते. "पहाटे असाच असतो. तुला दिसत नाही?"

"काळा नि पांढरा मिसळला की असा येत नाही. कशात कालवलास? सांग ना."

"नाही सांगत."

मास्तरांनी फळ्यावर तिचे निळे डोंगर लावले. लावणारच होते, चित्र तेच चांगलं होतं, मी आंधळी नव्हते, नुसती जळकी होते. माझा पोपट उतरला. माझा राखाडी डोंगर दाराजवळच्या भिंतीवर गेला, छत्र्या टांगायच्या खुंट्यांच्या वर. संमेलनाला आईवडील, पाहुणे, सगळे तिच्या चित्रासमोर उभे राहिले. ती एकटी माझ्या चित्रासमोर उभी होती, नाक जवळजवळ कागदाला लावून. वासावरून काही कळतंय का ते बघत असावी.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात माझी वाट बघत बसली होती. हातात ती निळी नळी.

"ही घे. अख्खी घे. फक्त सांग."

मी नळीकडे बघितलं. तिच्यासाठी मी काय केलं नसतं? आणि सांगायचं तरी काय, धुण्याची नीळ आणि लिंबू? ती हसली असती, मीही हसले असते, आणि मग तिने माझ्याकडे तसं कधीच बघितलं नसतं.

"ठेव तुझ्याकडे," मी म्हणाले, आणि आमच्या घरात शिरून दार लोटेपर्यंत रडले नाही.

त्यानंतर आमची मैत्री झाली, कारण ती माझा पिच्छा सोडेना. लग्न होऊन ती बोरीवलीला गेली, चित्रं काढत राहिली. तिच्या दिवाणखान्यात आजही डोंगर आहेत, निळे. त्यांतल्या एकालाही राखाडी जमलेला नाही, मी दर भेटीत तपासते.

मागच्या महिन्यात तिच्या नातीच्या लग्नात आम्ही दोघी शेजारी जेवायला बसलो. पहिला घास घ्यायच्या आत ती म्हणाली, "आता तरी सांग गं. मरायच्या आधी."

"आधी कोण मरतंय ते बघू," मी म्हटलं. आणि माझ्या पानातली लिंबाची फोड उचलून तिच्या वरणभातावर पिळली.

"जेव," म्हटलं. "गार होतंय."