बंद व्हॅनचा रास्त भाव

गिरणीतली रजा संपायला चार दिवस उरले होते आणि मला घरात एका जागी बसवत नव्हतं. बायकोला सांगून मोकळा झालो होतो, "आता परत मुंबईला जायचं नाही. जुनी व्हॅन घेतो आणि श्रीवर्धनची सुपारी माणगावच्या बाजारात नेतो." मुंबईला न्यायची माझी पत्र्याची पेटी तिने त्याच दिवशी माळ्यावर टाकली. त्याने तर जीव आणखीच टांगणीला लागला.

आगरदांड्याला एका म्हाताऱ्या नाखव्याकडे मासळी वाहायची व्हॅन पाच-सहा वर्षं बंद उभी होती. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली, वर लाकडी फळ्यांचा साटा बांधलेला. माणगावच्या मिस्त्रीने मला बजावलं होतं, "इंजिन बंद आहे म्हणून घाबरू नका, ते दुसरं मिळतं. खालची लोखंडी चासी ठोकून बघा. ती गेली असेल तर भंगाराचाच भाव बोला." पहिल्या मचव्याने खाडी ओलांडली. मचवा हळू चालला म्हणून तांडेलाशी उगाच भांडलोही.

व्हॅन बघितली आणि हरखलो. साटा काल बांधल्यासारखा, फळीला फळी घट्ट, कुठे भेग नाही. टायर गेलेले, इंजिन जाम, पण ते मी धरूनच चाललो होतो. मनात सहाशेचा आकडा आला. नाखव्याने सातशे म्हटले असते तरी मी मान डोलावली असती, इतकी मला घाई होती.

"नाखवा, लाकूड एवढं कसं राखलंत?"

"कसं म्हंजे? रोज सकाली दोन कलश्या दर्याचं पानी मारतो. होडी सुकी ठेवली का फाटते, मंग ही नाय फाटनार? आडवा होऊन खालूनपन मारतो."

मी वाकून बरोबर आणलेली हातोडी चासीवर मारली. गंजाचे पापुद्रे गळून पडले, आणि दुसऱ्या ठोक्याला हातोडी आरपार गेली.

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. "रास्त काय तो भाव बोल."

काहीतरी थाप मारून निघता आलं असतं. पण मी मुळात तापट, त्यात त्या चार दिवसांची धाकधूक. त्याच्यावर खेकसलो, "भंगाराचे शंभर! खाऱ्या पाण्याने लोखंड खाल्लंय सगळं. तुम्ही हात लावला नसता तर गाडी वाचली असती!"

हातातली कळशी त्याने हळूच खाली ठेवली.

"पोरगा बोटीवर नोकरीला गेला तवा बोलला, आबा, गाडीला जप. एक दिस चुकवला नाय रं मी."

माझं मलाच फार वाईट वाटलं. तसाच धक्क्यावर आलो.

घरी बायकोला एवढंच सांगितलं, "भाव जमला नाही." तिने माळ्यावरून पेटी उतरवली आणि पुसायला ओलं फडकं घेतलं. मी ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

"ओल्याने नको," म्हणालो. "कोरड्याने पूस."