ड्रममागची फट

आमच्या न्हाणीघरातून खालच्या काकूंच्या छतावर ओल उतरली आणि सासूबाईंचा दुपारचा चहा एकटीचा झाला. बारा वर्षं रोज तीन वाजता एकमेकींकडे बसणाऱ्या या दोघी. काकूंनी नव्या रंगावरचा डाग दाखवला, सासूबाईंनी आमचं पाणीच नाही ते म्हणून हात झटकले, आणि महिनाभर जिन्यातही बोलणं नाही. सासूबाई जेवायच्या कमी झाल्या. मला ते बघवेना.

प्लंबर उद्या येतो म्हणून गेला तो गेलाच. नवरा चितेगावच्या कंपनीत, त्याला सवड नाही. शेवटी मीच पदर खोचला आणि भिंतीतली फट बुजवायची सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची बंदूक घेऊन आले. दुकानदाराने बजावलं होतं, जागा खडखडीत कोरडी हवी आणि लावल्यावर दिवसभर पाण्याचा थेंब नको.

फट होती नेमकी निळ्या ड्रममागे. आदल्याच दिवशी नळ आलेला, म्हणून ड्रम काठोकाठ. पुढचं पाणी सहा दिवसांनी. या शहरात भरलेलं पाणी कुणी ओतून देत नाही. सासूबाई तर ड्रमपुढे उभ्याच राहिल्या. सहा दिवस थांब, तोवर ड्रम आपोआप रिकामा होईल म्हणाल्या. पण रिकामा झाला त्याच दिवशी तो पुन्हा भरणारच, हे काही त्यांना पटेना.

मला राग आला की मी एका जागी थांबत नाही. तडक खाली गेले आणि काकूंना सांगितलं, तुमच्या छताचंच काम काढलंय, पण पाणी ठेवायला भांडी नाहीत. काकूंनी लगेच आत जाऊन हंडे, कळशा, लग्नकार्यातलं पातेलं, सगळं दारात आणून मांडलं. सासूबाई नाइलाजाने ड्रममधून बादल्या भरून देऊ लागल्या आणि मी त्या खाली उतरवत राहिले. तिसऱ्या खेपेला काकू स्वतः वर आल्या, सासूबाईंच्या हातातली बादली घेतली आणि म्हणाल्या, "उद्या आंघूळ कुठं करणार तुम्ही? पाणी तर सगळं माझ्याकडं हाये."

सासूबाई खाली बघत एवढंच म्हणाल्या, "व्हय, येते की."

मग मी दार लावून कामाला लागले. फट खरवडली, टेबलफॅन लावून वाळवली, दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावली आणि बंदूक दाबली. पहिली रेघ हातच्या शेवईसारखी वेडीवाकडी निघाली. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवलं तशी ती सरळ झाली. इतका आनंद झाला की तिथेच बसून स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई साडी-टॉवेल घेऊन सातला खाली गेल्या त्या अकराला वर आल्या. मधल्या वेळात दोघींचं हसणं जिन्यातून वर येत होतं. मी भाजी चिरता चिरता थांबून ऐकत होते, आणि डोळे भरून आले ते कांद्याने नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रेघेवर बोट दाबून पाहिलं. रबरासारखी घट्ट बसली होती. सासूबाईंना सांगितलं, झालं, आता इथेच आंघोळ करा. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काही काढला नाही.

"अजून दोन दिवस वाळू दे की त्याला," त्या म्हणाल्या. "घाई कशाला करती?"

आणि जिना उतरायला लागल्या.